एमवाय नंबरची फियाट

मागं इथं बेळगावातल्या टांग्यांवर छान लिहिणं झालं होतं, त्याखाली मी सहज एक ओळ टाकली की आमच्या दारात १९६९ची फियाट अजून चालू स्थितीत आहे. त्यावर "काका, लिहा की सविस्तर" असा बऱ्याच जणांचा आग्रह झाला. लिहितो. लांबेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

सुरुवात नंबरापासून करतो, कारण सगळा गुंता तिथंच आहे. गाडीचा नंबर 'एमवाय' या अक्षरांनी सुरू होतो. २०२४ साली नोंदणीची पाच वर्षांची मुदत संपली म्हणून कागद घेऊन कचेरीत गेलो. खिडकीमागचा मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा. त्यानं आरसी बुक उलटंसुलटं करून बघितलं, हातानं लिहिलेली पानं बघून गोंधळला आणि विचारता झाला, "इदु याव स्टेट री?" म्हणजे हे कुठलं राज्य? मी म्हटलं, "नम्दे री. मैसूर." त्याला ते काही पटलं नाही, तो आत साहेबांना विचारायला गेला. पुढं महिनाभरानं कोल्हापूरला गेलो तर पंपावरचा पोरगा पेट्रोल भरता भरता म्हणतो, "काका, एमवाय म्हंजे मलेशिया का ओ?"

दोघांचंही चुकलं नाही. ज्या राज्यानं हा नंबर दिला ते राज्य त्या नावानं आता नाहीच. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा मी पहिलीत होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी तिकडं गेली आणि आमच्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा काढून कोल्हापूरला जोडला. नंतरचं सगळं तुम्हाला माहीत आहे, महाजन अहवालापासून सुप्रीम कोर्टापर्यंत, ते इथं उगाळत नाही. १९७३ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. १९८९मध्ये नवीन मोटार कायदा लागू झाला आणि देशभर राज्याच्या अक्षरांचे नंबर आले. बेळगावला केए २२, चिक्कोडीला (म्हणजे निपाणीलाही) केए २३, कोल्हापूरला एमएच ०९. २०१४ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. एवढं सगळं होत असताना माझ्या गाडीची पाटी आहे तिथंच राहिली. आधी दिलेला नंबर नवीन कायद्यातही चालू राहतो, म्हणून.

आता गाडीकडं वळतो. फियाट ११०० डिलाइट, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढं एकसंध बाकासारखी सीट. हिच्या आधीची गोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ती 'डुक्कर फियाट'. आमची डुक्कर नव्हे, हे मी लोकांना पन्नास वेळा तरी सांगितलं असेल.

नाव इटलीचं असलं तरी गाडी कुर्ल्याची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. हे गृहस्थ मला कायम नवलाचे वाटत आले. साखर कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजं बांधायला घेतली, बंगळूरला म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन १९४०मध्ये विमानाचा कारखाना उभा केला आणि मग मोटारी. सुरुवातीला अमेरिकन डॉज, प्लिमथ जोडायच्या, पुढं फियाटशी करार झाला आणि १९५४पासून ११०० कुर्ल्यात होऊ लागली. त्या सुमाराला सरकारनं ठरवलं की जे इथं सुटे भाग बनवायला तयार नाहीत त्यांनी नुसत्या जोडणीचा धंदा करू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेले. उरल्या तीन गाड्या: अँबॅसॅडर, फियाट, स्टँडर्ड. पुढची तीस वर्षं या देशातल्या मध्यमवर्गानं मोटारीचं स्वप्न बघितलं ते या तिघींचंच.

किमतीसुद्धा सरकार ठरवी. १९६९मध्ये तिन्ही गाड्यांच्या किमती सरकारनं बांधून दिल्या, कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या, १९७१ला निकाल लागला. गिऱ्हाईक मात्र रांगेत ते रांगेतच. बुकिंग करायचं म्हणजे पोस्टात खातं काढून पैसे ठेवायचे आणि ते खातं डीलरच्या नावे अडकवायचं. मी कॉमर्सचा विद्यार्थी, मला ही रचना त्या वयातही गमतीची वाटायची. गाडी नाही, व्याज जेमतेम, आणि वर्षानुवर्षं रांग.

निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी अशी रांग लावून १९६९मध्ये ही गाडी घेतली. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही अण्णाच म्हणतो. निपाणीच्या व्यापाऱ्यांकडं तेव्हा पैसा होता आणि तो दिसायचाही. गावात शिरलं की तंबाखूच्या वखारींचा तो तिखट वास, नवख्या माणसाला शिंकांवर शिंका. अण्णांची दुधी रंगाची फियाट वखारीच्या दारात उभी असायची आणि ड्रायव्हर दिवसभर फडकं मारत असायचा.

माझी बदली १९७९ला निपाणी शाखेला झाली, नवीनच ऑफिसर झालो होतो. अण्णांचं खातं आमच्याकडं होतं. त्यांच्याकडं हुंड्यांची कामं घेऊन जायचो तेव्हा मी कागद त्यांच्या हातात देऊन गाडीच बघत बसायचो. अण्णा म्हणायचे, "साहेब, सही हितं करायची का बॉनेटवर?"

१९८१च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी आंदोलन सुरू केलं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. १४ मार्चला पुणे-बंगळूर महामार्गावर बैलगाड्या, ट्रॅक्टर, माणसं, बायका-पोरांसकट येऊन बसली. रस्त्यातच चुली मांडल्या. वर्षभर राबून काढलेल्या मालाचा दर व्यापाऱ्यानं ठरवायचा आणि पैसे तो देईल तेव्हा घ्यायचे, हा व्यवहार बँकेच्या खिडकीतून मी रोज बघत होतो. कर्जाच्या हप्त्याला शेतकरी यायचा आणि म्हणायचा, "पट्टी झाली की भरतो." पट्टी कधी व्हायची ते अण्णांसारख्यांच्या हातात. आंदोलन तीन आठवड्यांहून जास्त चाललं. तेवढे दिवस अण्णांची फियाट वखारीत झाकून ठेवलेली होती. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्या दिवशी आम्ही शाखेचं शटर अर्ध्यावर ओढून आत बसलो होतो. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

पुढं १९८३च्या डिसेंबरात मारुती आली आणि फियाटवाल्यांचे डोळे फिरले. अण्णांच्या मुलांनी मारुतीचं बुकिंग केलं आणि १९८४ला फियाट विकायला काढली. एकवीस हजार सांगितले. जुन्या गाडीला आमची बँक कर्ज देत नव्हती. आमच्या सौभाग्यवतींची आवर्ती ठेव त्या वर्षी मुदत पूर्ण होऊन हातात येणार होती, तिच्यात माझी थोडी शिल्लक घातली. ती ठेव खरं तर बांगड्यांसाठी होती. तो विषय अजून मिटलेला नाही.

गाडी घेऊन पहिल्याच आठवड्यात एका खेड्यात वसुलीच्या कामाला निघालो होतो. वाटेत आमचे एक खातेदार शेतकरी दिसले. गाडी बघितल्याबरोबर ते सवयीनं रस्त्याच्या कडेला सरकून उभे राहिले. मग काचेतून मी दिसलो. "आवो, ही अण्णांची न्हवं?" म्हणाले. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवून घेतलं. बरंच अंतर ते गप्प होते, हात मांडीवर ठेवून, कशाला धक्का लागू नये असे. मग म्हणाले, "पंधरा वर्सं आमी हिला तंबाखू घातला की साहेब. बसलो मातर आज."

मला त्यावर काही बोलता आलं नाही. हौस माझी, पण गाडी कुणाच्या घामावर आली हे त्या माणसानं एका वाक्यात सांगून टाकलं. पावसाळ्यात दारं बंद राहिली की सीटखालून अजूनही तंबाखूचा वास येतो असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे. मला येत नाही, पण मी वाद घालत नाही.

तेव्हापासून मी गाडीची खतावणी ठेवली आहे. सगळा खर्च, पै न पै. शिवाय दरवर्षी ३१ मार्चला घसारा काढतो, ऱ्हासमान शिल्लक पद्धतीनं, २० टक्के. या पद्धतीत किंमत कमी कमी होत जाते पण शून्य कधीच होत नाही, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. चाळीस वर्षांनंतर, २०२४ साली, एकवीस हजारांच्या गाडीची पुस्तकी किंमत दोन रुपये एकोणऐंशी पैसे आली. दुरुस्तीचा खर्च किती झाला ते मात्र इथं लिहीत नाही, सौभाग्यवती हा समूह वाचतात.

निपाणी ते बेळगाव हे अंतर पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. बदली संपून मी बेळगावला परत आलो तरी त्या रस्त्यावर माझं येणं-जाणं राहिलं. चौपदरी होण्याआधीचा तो रस्ता आठवून बघा. काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, मग तवंदीचा घाट. समोरून ट्रक, मागून ट्रक. तवंदीत उन्हाळ्यात फियाट हमखास रुसायची. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोल पुढं सरकत नाही. गाडी दोन हिसके देते आणि थांबते. त्यावर उपाय एकच, एसी पंपावर ओलं फडकं टाकायचं. (हा एसी म्हणजे थंड हवेचा नव्हे. इंजिनाला लावलेल्या पेट्रोलच्या पंपाला मेकॅनिक लोक एसी पंप म्हणतात.) मी घाटाच्या पायथ्याला थांबून फडकं भिजवून बांधायचो आणि मगच चढायचो. मुलं लहान असताना मागच्या सीटवरून विचारायची, "बाबा, गाडीला ताप आलाय का?"

घाटात थांबलेल्या फियाटला मदत करायला कोण थांबायचं? बहुतेक वेळा ट्रकवाले, आणि त्यांच्या नंबराकडं मी कधी बघितलं नाही. डिसेंबर २०२२मध्ये सीमेवरून वातावरण तापलं, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, दोन्हीकडच्या बस बंद झाल्या. तेव्हा मुलीनं पुण्याहून फोन करून बजावलं, "बाबा, कोल्हापूरला गाडी नेऊ नका, केए बघून कुणी काच फोडेल." मी म्हटलं, "अगं, आपल्या गाडीवर केए कुठाय?" ती म्हणाली, "हां, ते खरंच की." तरी गेलो नाही. काच फुटली तर मिळत नाही, हे खरं कारण.

देखभालीचं म्हणाल तर रविवार सकाळ ठरलेली. रेडिएटरचं पाणी, तेलाची काडी, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, ब्रेक ऑइलची डबी. आठवडाभर उभी असली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. मग पंपाची छोटी दांडी हातानं दहा-बारा वेळा मारायची, चोक ओढायचा आणि मग स्टार्टर. पहिल्याच फटक्यात सुरू झाली तर दिवस बरा जातो. दर दोन-तीन महिन्यांनी पॉइंट साफ करायचे, गॅप बघायची, ग्रीसगननं खालच्या निपलांना ग्रीस द्यायचं. आता वाकून खाली जाणं जमत नाही म्हणून ते काम उस्तादांकडं. कॅम्पातले हे उस्ताद माझ्याहून चार वर्षांनी लहान. घरी उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी, पोरांवर ओरडायचं असलं की कन्नड. बॉनेट उघडण्याआधी ते गाडीभोवती एक चक्कर मारतात आणि कान देऊन उभे राहतात. "गाडी बोलती की साहेब. तुमी आयकत न्हाई."

सुटे भाग दोन ठिकाणांहून यायचे. जे वळवून, घासून, ओतून करता येतं ते आमच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात. गिअरच्या दांड्याचे बुश झिजले की गिअर सापडत नाही, तिसऱ्याच्या ऐवजी पहिला पडतो. असे बुश गनमेटलचे वळवून देणारे लेथवाले बेळगावात गल्लोगल्ली आहेत. नमुना नेऊन द्यायचा, ते व्हर्नियर लावतात, संध्याकाळी वस्तू तयार. हे कसब इथं आज आलेलं नाही. गुर्लहोसूरच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, नंतर नांगर बनवायला घेतले. टिळकवाडीच्या वसाहतीसाठी त्यांची जागा गेली म्हणून १९१०मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर ते किर्लोस्करवाडीला गेले. गावात किर्लोस्कर रोड तेवढा राहिला. बेळगावनं एक कारखाना घालवला हे खरं, पण लेथ चालवणारे हात घालवले नाहीत असं मला वाटतं. नाहीतर माझी गाडी १९९०लाच भंगारात गेली असती.

दुसरं ठिकाण मुंबई. आणि इथं मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण ही गोष्ट मलाही फार उशिरा कळली.

सत्तरच्या दशकात गाडीवरचं फियाट हे नाव गेलं. आधी प्रेसिडेंट झालं, मग १९७४पासून पद्मिनी. अंग थोडं बदललं, इंजिन तेच १०८९ सीसीचं. ही पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. कारखान्यात गाडी निघणं बंद झालं तरी टॅक्सी धावतच होत्या. हजारो टॅक्सी धावतात म्हणजे कुणीतरी पॉइंट बनवतो, कुणी गॅस्केट कापतो, कुणी पंपाचा डायफ्राम, कुणी ब्रेकची रबरं. माझ्यासारख्या चार हौशी लोकांसाठी कोण साचे टिकवणार? ते साचे टॅक्सीवाल्यांसाठी टिकले होते. मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन पिशवीभर सामान आणायचो, ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथूनच. आणि मनात म्हणायचो, काय स्वस्त मिळतंय! ते स्वस्त का मिळतंय याचा विचार बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसानं केला नाही.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३च्या ऑक्टोबरातली. म्हणजे २०२३चा ऑक्टोबर संपताना ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी आठवणी लिहिल्या. त्यानंतर मी सीएसटी रोडच्या नेहमीच्या दुकानात फोन केला, कंडेन्सर आणि पॉइंट पाहिजेत म्हणून. दुकानदार म्हणाला, "काका, आहे ते घेऊन जा, पुन्हा माल येणार नाही." मी सहा सेट मागवले. माझ्या वयाला सहा सेट पुरतील असा हिशेब केला.

इंधनाचंही असंच. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याच्यावर या इंजिनाच्या व्हॉल्व्हची बैठक टिकायची. फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. ते हवेच्या दृष्टीनं योग्यच झालं, लहान मुलांच्या अंगात शिसं जाणं वाईट. पण दोन-तीन वर्षांत गाडीचा दम गेला. उद्यमबागेत हेड उतरवून कडक धातूच्या नवीन सीट बसवून घेतल्या, प्रश्न मिटला. आता इथेनॉल आलं आहे. आधी दहा टक्के, २०२३पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल सुरू झालं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवतं, टाकी आतून गंजवते. उस्तादांनी पंप उघडून फुगलेला डायफ्राम माझ्या हातात ठेवला. "साहेब, पेट्रोल कुठलं, उसाचा रस हाय की ह्यो."

गंमत अशी की तो ऊस आमचाच. संकेश्वर, चिक्कोडी, निपाणी, कागल, जिकडं बघाल तिकडं ऊस. ज्या शेतात एकेकाळी तंबाखू होता तिथंही आता ऊस उभा आहे. तंबाखूनं गाडी आणली, ऊस तिची रबरं खातोय. शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर माझ्या डायफ्रामची तक्रार मी कोणत्या तोंडानं करू? इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे पाइप मिळतात, ते घातले. टाकी रिकामी ठेवत नाही. गाडी उभी करायची असेल तर कार्बोरेटर कोरडा करून ठेवतो.

त्या उसाची खरी भीती रात्री. नोव्हेंबरापासून गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर महामार्गावर, मागं दिवा नाही. माझ्या गाडीला डायनामो. इंजिन मंद झालं की दिवे पिवळे पडतात. दोन वर्षांपूर्वी संकेश्वरच्या अलीकडं अशी एक ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसली. ब्रेक लागले, पण कसे लागले ते मलाच माहीत. घरी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी डोळे तपासून घेतले, तर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. शस्त्रक्रिया झाली, आता दिसतं व्यवस्थित, पण दिवेलागणीनंतर गाडी काढायची नाही हे मी स्वतःच ठरवून टाकलं.

हे सगळं डोक्यात असताना २०२४ची ती नूतनीकरणाची वेळ आली. एप्रिल २०२२पासून केंद्रानं पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५००० केली होती. पैशाचं काही नाही. पण जुनं हस्तलिखित बुक संगणकात नव्हतं, ते आधी चढवावं लागलं. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्यायची असते, तर पंचावन्न वर्षांच्या रंगाखाली दोन आकडे बुजलेले. उस्तादांनी पॉलिश पेपरनं तासभर घासून ते वर काढले. चार हेलपाटे झाले. त्या खिडकीवरच्या मुलाला मात्र मी दोष देणार नाही. शेवटच्या दिवशी तो बाहेर येऊन गाडी बघून गेला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून फोटोही काढून घेतला.

त्या दिवसांत कोल्हापूरचे एक जुन्या गाड्यांचे शौकीन मित्र म्हणाले, "अहो, विंटेजमध्ये नोंदवून टाका." केंद्र सरकारनं २०२१ला नियम केलाय. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर तसाच ठेवता येतो. मला मोह झाला. पण नियमातच पुढं आहे की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच. म्हणजे मंगळवारी भाजी आणायला गणपत गल्लीत नाही, आणि निपाणीला लग्नाला तर नाहीच.

मुलीचं म्हणणं वेगळं. "बाबा, तुमच्यानं होत नाही, मी पुण्याला नेते. इथं चांगले मेकॅनिक आहेत." तिचं मन मोठं आहे, खर्चही तीच करणार. पण गाडी दुसऱ्या राज्यात कायमची न्यायची तर इथून ना हरकत दाखला, तिथं नवी नोंदणी आणि नवा नंबर. एमएच. आता गंमत बघा. ज्या मुद्द्यासाठी आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळला, मोर्चे काढले, तो मुद्दा माझ्या गाडीपुरता एका अर्जात सुटत होता. वडील असते तर त्यांनी अर्ज स्वतः लिहून दिला असता. आणि माझा हात काही सहीला जाईना. मी मराठी माणूस, घरात मराठी, पेपर मराठी, सगळं मराठी. तरी ती पाटी काढवेना. का ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित असं असेल की ती पाटी ना इकडच्यांना ओळखता येते ना तिकडच्यांना, आणि या भागात चाळीस वर्षं तिनं मला कुणाच्या बाजूचा ठरवलं नाही.

शेवटी पाच हजार भरले आणि २०२९पर्यंत आहे तशीच ठेवली. नव्या पद्धतीच्या सुरक्षा पाटीवरही नंबर तोच, फक्त अक्षरं ठोकळेबाज. रंगवलेली जुनी पाटी पुसून कपाटात ठेवली आहे. २०२९ला मी एकोणऐंशीचा होईन. मुलीला सांगितलंय, तेव्हाचं तेव्हा बघू. ती म्हणाली, "म्हणजे मलाच बघायचंय." बरोबर आहे तिचं.

मे महिन्यात नात आली होती. तिच्याकडं लायसन्स आहे, पण आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीवर शिकलेली. सकाळी सहाला तिला घेऊन काँग्रेस रोडला गेलो. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तिच्या हातात बसायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी टाकला तिसरा, पडला पहिला, गाडीनं असा हिसका दिला की माझा चष्मा खाली. ती घाबरली. मी म्हटलं, "तुझं चुकलं नाही, बुश गेलाय." दुपारी उद्यमबागेत दोघं गेलो, तिनं लेथवर बुश वळताना पहिल्यांदा बघितला आणि गरम असतानाच हात लावला.

फोटो खाली टाकले आहेत. पहिला १९८४चा, निपाणीत वखारीसमोरचा. त्यात गाडीला टेकून उभा असलेला बारीक मिशीचा मनुष्य मीच. दुसरा परवाचा.

आता कामाचं. डाव्या बाजूच्या पुढच्या छोट्या त्रिकोणी काचेची कडी तुटली आहे, सध्या काच तारेनं बांधली आहे. कुणाच्या माळ्यावर, अडगळीत, परसात जुन्या डिलाइटचं किंवा पद्मिनीचं दार पडलं असेल तर कृपा करून कळवा. निपाणी, गडहिंग्लज, चंदगड, खानापूर, कुठंही असो, मी स्वतः येऊन घेऊन जाईन, दिवसाउजेडी. अँबॅसॅडरची नको, ती बसत नाही.